पडद्यापलीकडची खोली

चंदाने ती गाठ सगळ्यात आधी दाखवली ममता सिस्टरला. खोडाळ्याचा बाजार होता. जव्हारच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याची गाडी दर बाजाराला यायची, वडाच्या सावलीत उभी राहायची आणि मागचं दार उघडून ममता सिस्टर खोकल्याची औषधं, लोहाच्या गोळ्या वाटत बसायची. चंदा मुद्दाम शेवटी थांबली. पुढच्या बायका पांगल्यावर ती गाडीत चढली, मिरच्यांची पिशवी पायाशी ठेवली आणि आतून दार ओढून घेतलं.

"सिस्टर, इथं हात लावून बघा."

ममताने बघितलं. छातीत डाव्या बाजूला, सुपारीएवढी, कडक. बोटाखाली हलत नव्हती. ममताचा चेहरा बदलला नाही, पण ती पुन्हा पुन्हा त्याच जागी बोट फिरवत राहिली, तेव्हा चंदाला काय ते कळलं.

"कधीपासून आहे?"

"भाताची आवणी चालू होती ना, तेव्हा हाताला लागली."

"दुखते?"

"नाय. दुखत नाय म्हणून तर गप्प बसले."

"मास्तरांना सांगितलं?"

चंदाने नाही म्हणून मान हलवली. तिचा नवरा गौतम खोडाळ्याच्या शाळेत मास्तर होता. बायकोला साधा ताप आला तरी तो रात्रभर उशाशी बसून राहायचा. त्याला काय सांगायचं, आणि सांगून तो करणार काय?

ममता म्हणाली, "हे आमच्या डॉक्टरांचं काम नाही. पण गुरुवारी तू जव्हारला ये. आमच्याकडे आता टीव्हीची खोली झालीय. मुंबईच्या मोठ्या डॉक्टर तिथूनच बघतात, तिथूनच बोलतात. मुंबईला जायची गरज नाही."

"डॉक्टर बाई आहे का बुवा?"

"बाई आहे. विद्युल्लता मॅडम. अशाच गाठींचं काम करतात."

"आणि इकडं?"

"इकडं मी असेन. दुसरं कुणी नाही."

बाई आहे म्हटल्यावर चंदाला जरा धीर आला. घरी जाऊन तिने गौतमला सांगितलं. तो आधी घाबरला, आणि टीव्हीच्या खोलीचं ऐकल्यावर एकदम सावरला. सरकारच्या सक्तीमुळे त्याने नुकताच संगणकाचा कोर्स केला होता. शाळेत एक संगणक आला होता. वीज असेल तेव्हा तो त्याच्यावर मुलांना चित्रं काढून दाखवायचा. त्याने चंदाला हातवारे करून समजावलं. जव्हारच्या दवाखान्याच्या छपरावर एक मोठी ताटली बसवलीय. तिच्यातून चित्र आभाळात उपग्रहाकडे जातं, तिथून मुंबईला उतरतं. आपण इथं बोललो की तिथं ऐकू येतं.

"म्हणजे बघ, माझ्या बापाला साधा एक्स-रे काढायला ठाण्याला न्यावं लागलं होतं," तो म्हणाला. "आणि आता मुंबई आपल्याकडे येतेय."

त्याची आई जिजा चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "हात न लावता कसली डाक्टरीण?" पण तिचं कुणी मनावर घेतलं नाही.

गुरुवारी दोघं सकाळच्या जीपने निघाले. मोखाड्याला बदलून जव्हारला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. दवाखाना तसा जुनाच होता, पण टीव्हीची खोली नवी कोरी. पांढऱ्या टाइल्स, निळे पडदे, आत गारवा. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही, त्याच्यावर काळ्या गोळ्यासारखा कॅमेरा. सगळी यंत्रं सांभाळायला चैतन्य नावाचा तरुण होता. जव्हारच्याच एका कापड दुकानदाराचा मुलगा, पुण्याला शिकून आलेला. त्याने वायरी जोडल्या, टीव्हीवर मॅडमचा चेहरा आला, तसा ममताने त्याला बाहेर पाठवलं. तो निमूटपणे गेला. बाहेर बाकावर गौतम होताच; दोघांच्या उपग्रहाच्या गप्पा सुरू झाल्या.

विद्युल्लता मॅडमचे केस पिकायला लागले होते. चेहरा मायेचा, आवाज हळू. फक्त तो आवाज ओठांच्या जरा मागून यायचा. ओठ हलायचे, मग शब्द पोचायचे. चंदाला पहिल्यांदा त्याचं हसू आलं.

"चंदाताई, घाबरायचं नाही हं. माहेर कुठलं तुमचं?"

"दाभोसा."

थोडं थांबून मॅडम हसल्या. "म्हणजे धबधब्याच्या गावच्या."

मॅडमनी सगळं विचारलं. मुलं किती, अंगावर किती दिवस पाजलं, घरात कुणाला असं झालं होतं का. चंदा मोकळेपणाने बोलली. आईच्या बहिणीला झालं होतं आणि ती त्यातच गेली, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं; तेही सांगून टाकलं. मग मॅडम म्हणाल्या, "आता मला बघू द्या. सिस्टर, मदत करा त्यांना."

ममताने दाराची कडी पुन्हा एकदा तपासली. चंदाने ब्लाउज काढला, पदर मांडीवर धरला. मॅडम सांगतील तसा तिने हात वर केला, खाली केला, कमरेवर ठेवला. वरचा काळा गोळा आपोआप घुं करून वळला आणि तिच्याकडे रोखून थांबला. मुंबईहून मॅडमच तो फिरवत होत्या. ममताने छोट्या कॅमेऱ्याने जवळून फोटो घेतले. चंदाने डोळे टीव्हीच्या खालच्या टाइलवर लावून ठेवले होते. एक बाई, दुसरी बाई आणि आपण, असं ती मनात घोळवत होती.

तेवढ्यात टीव्हीतून पुरुषाचा आवाज आला. इंग्रजीत काहीतरी विचारत होता. पाठोपाठ कुणाची तरी खुर्ची सरकली आणि कुणीतरी हसलं. कशाला हसलं, कुणास ठाऊक. कदाचित दुसऱ्याच कशाला तरी हसलं असेल.

चंदाने पदर छातीशी ओढला. "कोण हाय तिथं?"

ओठ हलले. शब्द आले. "विद्यार्थी आहेत, चंदाताई. डॉक्टरच व्हायचेत सगळे. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका."

चंदाने ममताकडे बघितलं. ममताचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"मला तुमची खोली दाखवा," चंदा म्हणाली.

"ताई, आता थोडंच राहिलंय..."

"खोली दाखवा."

मॅडमनी बाजूला कुणाला तरी खूण केली. टीव्हीतलं चित्र हललं, सरकलं. मॅडमचा खांदा गेला, टेबल गेलं, आणि पायऱ्यापायऱ्यांची बाकं दिसायला लागली. त्यांच्यावर पोरंपोरी ओळीने बसलेली. काहींच्या मांडीवर वह्या. एकाने मान खाली घातली, बाकीचे तसेच बघत राहिले. चित्र आणखी सरकलं आणि भिंतीवरचा पांढरा पडदा दिसला. त्या पडद्यावर एक बाई होती. जमिनीपासून छतापर्यंत मोठी, उघड्या खांद्यांची, छातीशी पदर आवळून बसलेली. चंदाने घाबरून दुसरा हातही छातीवर घेतला. क्षणभराने त्या बाईनेही घेतला.

मग तिने पाठ फिरवून ब्लाउज घातला. मॅडमचा आवाज येत राहिला, "चंदाताई, ऐका, हे महत्त्वाचं आहे, सुई घालून तपासणी करावी लागेल..." चंदाने स्वतःच कडी काढली आणि बाहेर आली. गौतम बाकावरून हसत उठला.

"झालं?"

"चला," ती म्हणाली.

जीपमध्ये माणसं कोंबलेली होती, म्हणून बोलणं झालंच नाही. घरी आल्यावर, मुलं खेळायला गेल्यावर तिने सांगितलं. गौतम ऐकून घेऊन बराच वेळ नखाने जमिनीवर रेघा मारत बसला. मग म्हणाला, "ते डॉक्टर लोक आहेत, चंदा. त्यांना काही वाटत नसतं. रोजचंच असतं त्यांचं."

"मला वाटतं ना."

"मोठ्या दवाखान्यात असंच असतं. शिकणारी पोरं असतात सोबत."

"तुमच्या वर्गात नेऊन बसवा मग मला. तीपण शिकणारीच पोरं."

गौतम उठून बाहेर गेला. तो चिडला नव्हता. त्याला ते चित्र डोळ्यांपुढे आलं होतं, आणि त्या वेळी आपण बाहेर बसून त्या यंत्राचं कौतुक ऐकत होतो हेही आठवलं होतं.

पुढच्या बाजाराला ममता सिस्टर गाडी सोडून थेट घरी आली. आधी तिने चंदाचे हात धरले. "मी तुला सांगितलं होतं, एक बाई बघणार. मला तसंच सांगितलं होतं गं. आई शप्पथ." मग ती कामाचं बोलली. मॅडमना ती गाठ चांगली वाटत नाही. लगेच मुंबईला जाऊन सुईची तपासणी करायला हवी, थांबायला नको.

"जाईन," चंदा म्हणाली. "पण तिथं नाय जाणार."

"मग नाशिकला जा."

"जाईन ना. भात कापून होऊ दे."

भात कापून झालं. मग झोडणी आली, मग साखरशेतला दिराच्या घरचं लग्न आलं. प्रत्येक वेळी गौतम विषय काढायचा, प्रत्येक वेळी ती "जाऊ" म्हणायची आणि उठून कामाला लागायची. त्याने एकदा पिशवी भरून ठेवली, तिने ती रिकामी करून कपडे पुन्हा दोरीवर टाकले. तो आवाज चढवून बोलला, तर ती ऐकून घ्यायची. त्याने हात जोडले, तर ती म्हणायची, "असं नका करू, बरं नाय दिसत." जिजाने गावातून औषधी पाला आणून, वाटून गाठीवर बांधला. तो बांधून घेताना मात्र चंदाने कुरकूर केली नाही.

त्यातच गावात बोलणं सुरू झालं. कुठून सुरू झालं, कळलं नाही. दवाखान्यातल्या कुणीतरी कुणाला तरी सांगितलं असणार. हापशावर शेजारची रखमी सहज म्हणाली, "चंदे, तुला टीव्हीवर दावली म्हणं? आमच्या टीव्हीवर नाय आली ती." तिच्या मनात वाईट नव्हतं, तिला खरंच वाटलं होतं की बातम्यांत वगैरे आली असेल. चंदाने हंडा अर्धाच भरला आणि घरी आली. त्या दिवसापासून पाणी भरायला मुलगी जायला लागली. चंदाने बाजारही सोडला. बाजारात हल्ली पोरांच्या हातात कॅमेऱ्याचे मोबाइल दिसायचे. मुंबई-ठाण्याला कामाला जाऊन आलेली पोरं ते घेऊन टपरीशी घोळका करून काहीतरी बघत हसत असायची. ते काय बघतात, हे चंदाला ठाऊक नव्हतं. पण तिला वाटायचं, असेल, तेच असेल.

हे तिने एकदाच गौतमला बोलून दाखवलं. "पूर्वी फोटो काढला तर घरी आणून देत. तुमच्या बाबांची छातीची फिल्म अजून आढ्याला खोचलेली हाय. माझे कुठं हायत?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढून गौतम जव्हारला गेला.

चैतन्यने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. गौतमने चहाला हात लावला नाही. "माझ्या बायकोचे फोटो पुसून टाक. माझ्यासमोर."

चैतन्यने संगणक सुरू केला, चंदाच्या नावाचा फोल्डर शोधला आणि न उघडताच पुसला. मग संगणकातली कचऱ्याची टोपलीही रिकामी करून दाखवली. "इथलं गेलं, गुरुजी."

"आणि तिकडचं?"

"तिकडचं माझ्या हातात नाही." तो खाली बघत म्हणाला, "मला माहीत होतं तिकडं वर्ग बसतो ते. कधी कधी बसतो. मला वाटलं, मॅडमनी सांगितलं असेल."

गुरुवार होता. खोलीत यंत्रं सुरूच होती. गौतम म्हणाला, "मला त्यांच्याशी बोलायचंय." दाराशी उभ्या असलेल्या ममताने त्याच्याकडे बघितलं आणि दार उघडून धरलं.

टीव्हीवर मॅडम आल्या. गौतमने वाटेत जीपमध्ये सगळं बोलणं पाठ केलं होतं. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला कळायला हवं होतं, माझी बायको म्हणजे फळ्यावरचं चित्र नाही. तो बसला, घसा साफ केला, म्हणाला, "मी चंदाचा नवरा."

मॅडम पुढे झुकल्या. "आल्यात का त्या? गाठ कशी आहे? वाढलीय का?"

आणि गौतमचं सगळं पाठांतर गेलं. कारण त्याला माहीतच नव्हतं. चंदाने त्या दिवसानंतर त्याला जवळ येऊ दिलं नव्हतं. ती अंधारात कपडे बदलायची. "मला नाही सांगता येत," तो म्हणाला आणि त्याला रडू आलं. यंत्रासमोर, अनोळखी बाईसमोर तो शाळेतल्या पोरासारखा बाहीने डोळे पुसत राहिला. पलीकडून मॅडमचा आवाज आला, "मास्तर, मी येते. त्या येत नसतील तर मी येते."

त्याला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या.

पण त्या आल्या. एका रविवारी दुपारी ममताला बरोबर घेऊन त्यांची गाडी खोडाळ्यात शिरली. घाटात उलटी झाली होती, चेहरा पांढराफटक पडला होता. जिजाने न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. चंदा पडवीत तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"मी विद्युल्लता."

"ओळखलं," चंदा म्हणाली. "तिथं मोठ्या दिसता."

गौतम मुलांना घेऊन बाहेर गेला. चंदा सूप उचलून दोघींना आत घेऊन गेली. जिजा उंबऱ्यावर बसली. कुणी आत येऊ नये म्हणून. आत तिघीच राहिल्या. मॅडम जमिनीवर बसल्या.

"मी माफी मागायला आलेय," त्या म्हणाल्या. "आमच्या वॉर्डात मी पेशंट बघते तेव्हा विद्यार्थी नेहमी भोवती उभे असतात. पेशंटला ते दिसत असतात. नको असेल तर तो तसं म्हणू तरी शकतो. तुम्हाला ते दिसत नव्हते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्या डोक्यात तेवढंच येतं," चंदा म्हणाली. "झोपेतपण."

तिने मॅडमकडे सरळ बघितलं.

"तुम्ही आधी विचारलं असतं ना..."

"तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"कशावरून? मला ठाऊक नाय मी काय म्हटलं असतं. कदाचित हो म्हटलं असतं. पोरं शिकणार कशी? आमच्या घरात मास्तरच हाय, शिकण्याचं मला कळतं. पण विचारायला पायजे होतं."

"हो. विचारायला हवं होतं."

"ते फोटो?"

"माझ्याकडचे मी पुसले. पण त्या दिवशी वर्गाचं रेकॉर्डिंग चालू होतं. शिकवायला वापरतात म्हणून ठेवतात. ते मी मागितलंय. मिळालं की नष्ट करीन."

"आणि कुणी आधीच घेतलं असेल तर?"

मॅडमनी लगेच उत्तर दिलं नाही. इथं टीव्हीसारखा आवाज मागून येण्याचं काही कारण नव्हतं. त्या खरोखरच विचार करत होत्या. "घेतलं नसावं. पण नाहीच घेतलं, असं मी नाही सांगू शकत. मला माहीत नाही."

चंदाने खाली सांडलेला तांदळाचा एक दाणा उचलून सुपात टाकला. आजवर सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, काही होत नाही, कुणी बघत नाही, विसरून जा. नवऱ्यानेही सांगितलं होतं. ही पहिलीच बाई माहीत नाही म्हणाली. त्याने तिची भीती कमी झाली नाही, उलट खरी ठरली. पण निदान आता ती एकटीला वाटणारी भीती राहिली नाही.

"दार लावा, सिस्टर," ती म्हणाली.

मॅडमनी हात धुतले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि मग तपासलं. आधी उजवी बाजू, मग डावी. मग काख. काखेत त्यांची बोटं थांबली. चंदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. इतक्या जवळून चेहरा लपवता येत नाही.

"पसरलंय?"

"काखेत एक गाठ लागतेय. मुळातली वाढलीय."

"मी आली असती तेव्हाच, तर?"

"तर बरं झालं असतं," मॅडम म्हणाल्या. मग लगेच म्हणाल्या, "आणि मी त्या दिवशी विचारलं असतं तर तुम्ही तेव्हाच आला असता."

बाहेर जिजाने खोकून विचारलं, "झालं का गं?"

ऑपरेशन नाशिकला झालं. चंदाची अट होती, मुंबई नको. मॅडमनी तिथल्या ओळखीच्या सर्जनबाईंना फोन केला. डावी बाजू काढावी लागली, काखेतल्या गाठीही काढल्या. नंतर औषधाच्या सलाइन सुरू झाल्या. प्रत्येक वेळी त्र्यंबकच्या रस्त्याने एसटी, आणि परतताना प्लास्टिकची पिशवी तोंडाशी धरून ओकाऱ्या. केस गेले, तेव्हा मुलगी रडली. चंदा नाही रडली. तिने डोक्याला फडकं गुंडाळलं आणि खूप दिवसांनी हंडा घेऊन हापशावर गेली. रखमीने तिला बघून आपला हंडा बाजूला सारला आणि चंदाचा आधी भरून दिला. डावा हात सुजायचा, जड व्हायचा, म्हणून रखमीच तो घरापर्यंत घेऊन आली. वाटेत ती म्हणाली, "मला कुठं ठाऊक होतं गं." चंदा म्हणाली, "जाऊ दे."

गौतमने शाळेतला संगणक शिकवणं सोडलं नाही. पण मुलांना चित्र काढून दाखवताना कधी कधी तो मध्येच थांबायचा आणि पडदा बंद करून बाहेर जाऊन उभा राहायचा. रेकॉर्डिंगचं काय झालं, ते मॅडमनी फोनवर कळवलं. इस्पितळाने त्यांच्यासमोर पुसलं. त्यापलीकडे त्यांनाही काही ठाऊक नव्हतं.

सलाइन संपल्यावर दर काही महिन्यांनी दाखवायला जायचं होतं. ममता सिस्टर म्हणाली, "रिपोर्ट तर इथूनही दाखवता येतात. नुसतं बोलायचं. कशाला त्या घाटातून जातेस?" चंदा म्हणाली, "घाट परवडला." ती एसटीनेच जात राहिली.

मग एके दिवशी ममताचा निरोप आला. दाभोशाची एक मुलगी आहे, सुकी. नुकतंच लग्न झालेली. काखेत आणि गळ्याशी गाठी आल्यात, ताप उतरत नाही. टीव्हीच्या खोलीच्या दारापर्यंत येते आणि परत फिरते. तिला कुणीतरी चंदाची गोष्ट सांगितलीय. तू येशील का?

चंदाने दोन दिवस विचार केला. आपलीच गोष्ट ऐकून ती पोरगी घरी बसली, हे तिला काट्यासारखं सलत होतं. ती गेली.

सुकी बाकाच्या टोकाला बसली होती, ताटकळलेली, डोळे तापाने लाल. शेजारी तिची सासू. चंदा जवळ बसली आणि त्यांच्या घरच्या बोलीत बोलायला लागली. बाकीच्यांना त्यातलं निम्मंच कळलं. माहेरची नावं निघाली, कोण कुणाची नात, कोणाचं घर नदीकडे. मग सुकीने हळूच विचारलं, "तुलाच दाखवली ना त्यांनी?"

"मलाच."

"मग मी कशाला जाऊ?"

"मी परत नाय गेले. म्हणून हे झालं." चंदाने आपला सुजलेला हात तिच्या मांडीवर ठेवला. "हा उचलत नाय आता. आणि पुढं काय, ते कुणाला ठाऊक नाय. त्यांचं चुकलं. पण मी थांबली ते माझ्याच अंगाशी आलं."

सुकी त्या हाताकडे बघत राहिली.

"तू आत बसशील?"

चंदाने खोलीच्या दाराकडे बघितलं. निळे पडदे, पांढऱ्या टाइल्स, तो काळा डोळा. ती म्हणाली, "बसेन."

दोघी आत गेल्या. ममताने कडी घातली. टीव्हीवर मॅडम आल्या. चंदाने खुर्ची सुकीच्या अगदी जवळ ओढली.

"काय विचारायचं ते आधी विचार," ती सुकीला म्हणाली.

सुकीने मान खाली घालून बारीक आवाजात विचारलं, "तिथं कोण कोण हाय?"

"मी आणि आमची नर्स, ललिता," उत्तर आलं. "दाखवते." चित्र फिरलं. छोटीशी खोली, एक खिडकी, बंद दार, पांढऱ्या कपड्यांतली एक पोक्त बाई. तिने हात जोडले. चित्र परत मॅडमवर आलं.

सुकी चंदाकडे वळली. "खरं असंल?"

चंदाने टीव्हीकडे बघितलं. मॅडमवर तिचा विश्वास होता. पण जेवढं दाखवलं तेवढंच दिसतं आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागे काय असतं ते कुणालाच दिसत नाही, हे ती शिकली होती. पोरीला खोटं सांगून बसवणं तिला जमलं नसतं.

"बाई खरी हाय," ती म्हणाली. "बाकीचं मला ठाऊक नाय. पण परत जाऊ नको."

सुकी बराच वेळ बसून राहिली. मुंबईहून कुणी घाई केली नाही. मग तिने ममताकडे तिचा रुमाल मागितला, तो छातीवर पसरून घेतला आणि फक्त काख दिसेल एवढाच हात वर केला. मॅडम म्हणाल्या, "एवढं पुरे आहे."

सुकीला टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू ताप गेला, गाठी विरल्या. पुढच्या वर्षी तिला मूल झालं, असं ममताने सांगितलं.

चंदा त्या दिवशी खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचा ब्लाउज घामाने पाठीला चिकटला होता. चैतन्यने पाणी दिलं, ते तिने घेतलं. तो काहीतरी बोलू बघत होता, पण तिची जीपची वेळ झाली होती. पुढच्या आठवड्यात तिला नाशिकला जायचं होतं; सोनोग्राफीत यकृतावर एक डाग दिसला होता आणि तो कसला आहे, हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.